आराशीतले पांढरे प्रवाळ

मी, शरच्चंद्र भालचंद्र पळसुले, वय अडुसष्ट, सरकारी प्राणिशास्त्र खात्यातून निवृत्त, राहणार बेहाला, कलकत्ता, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही.

१. घर, भांडीकुंडी व आरामखुर्ची पत्नी सौ. कालिंदी हिला. खुर्चीवर तिचा ताबा जुनाच आहे.

२. अंदमानातल्या एका लहानशा खाडीतले प्रवाळ मी बावीस वर्षे, दर उन्हाळ्यात, गुडघाभर पाण्यात उभा राहून मोजले. पाण्याचे तापमान व जिवंत फांद्या वह्यांत टिपल्या आहेत. वह्या व थर्मामीटर पुतण्या चि. मनोहर यास. अट अशी की, दरवर्षी त्याने तिथे जाऊन मोजणी करावी. त्याला बोट लागते हे मी जाणतो. पण मंगळासाठी अंगठीत पोवळे घालून हिंडतो, तर समुद्राचेही थोडे बघावे. त्याचा मंगळ निवला असेल, पाणी मात्र तापत चालले आहे.

३. माझे वरिष्ठ श्री. श्यामकांत यांनी 'प्रवाळ तोडून चुना भाजण्यास हरकत नाही' असा शेरा मारला होता. त्यावरून मी त्यांच्याशी नऊ वर्षे बोललो नाही. त्यांना माझी पत्र्याची ट्रंक द्यावी. तिचा वास अजून गेलेला नाही. कारण पुढे आहे.

४. तीन वर्षांपूर्वी खाडीचे पाणी कढत लागले आणि प्रवाळ पांढरेफटक दिसले. मेले, असे मी धरून चाललो. मी, खात्यातला तज्ज्ञ! निघताना कालिंदी म्हणाली होती, "चैत्रगौरीची आरास मांडायचीय, काहीतरी वेगळं आणा हं." म्हणून ट्रंकभर फांद्या तोडल्या. परतीच्या बोटीत तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की शेजारचे प्रवासी डेकवर निजायला गेले. मेलेल्या प्रवाळाची सुकी हाडे कुजत नाहीत. प्रवाळ जिवंत होते, उष्म्याने फक्त रंग उतरला होता.

घरी पोचलो. फांद्या धुऊन गौरीपुढे मांडल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आंब्याची डाळ खात म्हणाल्या, "अगबाई, किती शुभ्र!" मीही हसलो.

पुढच्या वर्षी न तोडलेल्या बऱ्याच फांद्यांवर पुन्हा रंग चढला होता. मी तोडले तिथे शेवाळ होते. वहीत त्या जागेपुढे मी 'उष्णतेने मृत' असे लिहिले. ते खोटे आहे आणि मला त्याची लाज वाटते. मनोहरने ते खोडून 'पळसुल्यांनी तोडले' असे लिहावे. बाकीचे आकडे खरे आहेत, ते एका खोट्यापायी बुडू नयेत. कालिंदीने मनाला लावून घेऊ नये. तिने वेगळे मागितले होते, जिवंत मागितले नव्हते.

५. अस्थी गंगेत सोडाव्यात. कोणी भावनेच्या भरात त्या खाडीत नेऊ नयेत. तिथे आता माझा हात लागायला नको.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

शरच्चंद्र भालचंद्र पळसुले

साक्षीदार: मुकुंद दिगंबर आठल्ये, सौ. शकुन जयप्रकाश नाडगौडा
कलकत्ता, ९ नोव्हेंबर १९७३