आठव्या दिवशीचं नाव

आडवोआ,

तुझा नवरा लाज कोळून प्यायलाय. आठव्या दिवशी पहाटे बाळाचं नाव ठेवतात, हे आपल्या घानात शेळीलाही ठाऊक. माझा हा लेक मात्र मला सांगतो, "आई, आमच्या उच्चायुक्तसाहेबांना शनिवारीच वेळ आहे. नाव तेच ठेवतील." साहेब काय बाळाचे आजोबा लागतात?

तू गाढ झोपली होतीस. इथे लुसाकात आपलं दुसरं माणूस कोण? म्हणून मीच आज बाळाला अंगणात नेलं. जिभेवर आधी पाण्याचा थेंब ठेवला, मग दारूचा, आणि त्याला सांगितलं, पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू. साहेबांसाठी जपलेली बाटली त्यासाठीच उघडली. नाव ओपोकू, तुझ्या सासऱ्यांचं. आता ते कुणाच्या बापाला बदलता येणार नाही.

मी चर्चला जाते. शेंगदाण्याचं सूप शेगडीवर आहे, गरमच पी. शनिवारी साहेबांना केक खुशाल चारा.

एवढं शेवटचं तुझ्या नवऱ्याला माझ्या वतीनं मोठ्यानं वाचून दाखव: "क्वाबेना, तुझ्या बापानं तुझ्याही जिभेवर हेच दोन थेंब ठेवले होते. वाया गेले."