अशरफचाचा, हेही वाचून दाखवा

फहाहील, १२ जानेवारी १९६२

शहरबानूस कासमचा सलाम.

अल्लाच्या मेहरबानीने मी ठणठणीत आहे. भाजलेला हात भरून आला, कणीक पुन्हा मीच मळतो. बाबांचा दमा कसा आहे?

आपली असमा सारखी तापाने पडते म्हणून तिची शाळा सुटली, तर लोक म्हणतात तिचं शिक्षण संपलं. म्हणू देत. इथे आखातात मी ज्या अमेरिकन बाईंकडे स्वयंपाक करतो, त्या लेकीला घरीच शिकवतात. परवा त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे अबिगेल नावाची पाद्र्याची मुलगी होती. आजारी असायची, शाळेत कधी गेलीच नाही. आईने लिहायला-वाचायला शिकवलं, बापाची पुस्तकं तिने वाचून काढली. पुढे नवरा वर्षानुवर्षं लांब, तर त्याला पत्रं लिहायची. तोच नंतर देशाचा अध्यक्ष झाला.

तिथे आईने लेकीला शिकवलं, आपण उलटं करू. असमा तिसरीपर्यंत शिकली आहे; माझं पत्र तिला अजून वाचता येत नसलं, तरी अक्षरं येतात. तिने तुला शिकवावं. चूल विझली की रोज एक अक्षर.

अशरफचाचा, इथे थांबू नका, वाचा. तुमचे उपकार मोठे आहेत. पण चार वर्षं मी बायकोला तेवढंच लिहितो, जेवढं तुम्हाला पडवीत बसून मोठ्याने वाचता येईल.

शहरबानू, उत्तर उशिरा आलं तरी चालेल, दोनच ओळी असल्या तरी चालतील, पण तुझ्या हातच्या पाठव. मग मीही इथलं सगळं खरं लिहीन.

तुझाच,
कासम