आईच्या वहीच्या बारा घड्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, जो गुडघ्यांनी आता बंद पाडला आहे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचाही धाक नसताना लिहून ठेवते. तब्येत वयाच्या मानाने ठीक आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. जरा जास्तच शाबूत आहे, असं घरच्यांचं म्हणणं पडतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी मला मरायला सवड नव्हती.

हे आत्ताच लिहायचं कारण जिना. बावीस पायऱ्या मला आता झेपत नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात मी या तीन खोल्या सोडून मुलाच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला जात आहे. तिथे एक खोली आणि स्वयंपाकघर. बेचाळीस वर्षांचं सामान तेवढ्यात मावत नाही, म्हणून गेले तीन रविवार माझी सून येते आणि आम्ही दोघी आवराआवर करतो. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी लावायची तिला सवय. तिने तीन खोकी मांडली: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. वस्तू हातात घ्यायची, मिनिटभर बघायची, खोक्यात टाकायची. रविवारभर ती टाकायची आणि सोमवारी मी त्यातलं परत काढायची. असं करता करता जे ठरलं, ते खाली कलमवार लिहिते.

कलम १. या तीन खोल्या माझ्यामागे मुलगा आणि सून या दोघांच्या समान मालकीच्या. वकीलबाईंनी विचारलं, एकट्या मुलाच्या नावावर का नाही? तर लिहून घ्या: माझं डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायला दर चार तासांनी कोण उठत होतं, ते मला एका डोळ्यानेही नीट दिसत होतं.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलाचं. फार नाही, तेव्हा मीही फार लिहीत नाही.

कलम ३. माझी हत्यारं, म्हणजे शिवलेलं पुस्तक दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, चार दाभणं, पुठ्ठा कापायची मोठी कातर, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि शिल्लक कापड, हे सगळं समोरच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना द्यावं. अट एकच. फाटलेल्या पुस्तकाला त्या चिकटपट्टी लावतात ते बंद. मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, त्या हसल्या, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका नकाशाच्या पुस्तकाला पुन्हा चिकटपट्टी लावली. मी गेल्यावर तरी ऐकतील म्हणून इथे लिहिते. हाडाची पट्टी माझ्या गुरूंची आहे आणि मधोमध झिजून बोटाच्या आकाराची झाली आहे. तिच्या जागी नवीन मागवू नये. माझं बोट तिथे बसायचं, त्यांचंही बसेल.

कलम ४. खालच्या झेरॉक्सवाल्याने बारा वर्षांपूर्वी माझी शिडी 'दोन मिनिटांसाठी' नेली. ती शिडी मी त्याला देत आहे. तिच्याकडे बघत जिना उतरायचं आणि काही बोलायचं नाही, याचा मला कंटाळा आला. त्याने आता तिला रंग लावला तरी चालेल.

कलम ५. आमचे हे नकाशे काढायच्या कचेरीत होते. पेन्सिल बोटांत धरता येऊ नये इतकी लहान झाली की ती ते एका पत्र्याच्या डबीत ठेवायचे. फेकायची नाही, वापरायचीही नाही. डबी गच्च भरली आहे. सूनबाईंनी ती पहिल्याच रविवारी 'टाकायचं'मध्ये टाकली. मी मनात म्हटलं, सोमवारी काढू. तर जायच्या वेळी तिनेच वाकून ती बाहेर काढली आणि पदराने पुसली. म्हणाली, लग्नानंतर दुसऱ्या दिवशी तिला वाण्याची यादी लिहायची होती आणि नव्या घरात काही मागायची लाज वाटत होती, तेव्हा यांनी डबीतली एक उचलून तिला दिली होती. डबीतून पेन्सिल बाहेर गेल्याचं मी बेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. डबी तिची.

कलम ६. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ शेजारच्या घड्याळवाल्यांना द्यायचं माझ्या मनात होतं. परंतु त्यांना मी साक्षीदार म्हणूनही बोलावलं होतं, आणि वकीलबाई म्हणाल्या की जो साक्षीला सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, दिलं तर ते फुकट जातं. दोन्हींपैकी एक ठरवा. घड्याळवाले घड्याळाकडे बघून म्हणाले, "सहीच करतो. ते रोज सात मिनिटं मागे पडतं." म्हणून घड्याळ मुलाकडे जाईल.

कलम ७. तिसऱ्या खोक्यातून मी चोरून परत काढलेल्या वस्तूंची कबुली: यांचा कोपरावर फाटलेला स्वेटर, मुलाच्या पहिल्या बुटांपैकी डावा, काच नसलेला एक चष्मा, आणि मी शिकाऊ असताना बांधलेलं पहिलं पुस्तक, जे उलटं बांधलं गेलं आणि ज्याची पानं मागून पुढे वाचावी लागतात. हे सगळं माझ्या पलंगाखालच्या पिशवीत आहे. सूनबाईंना ते माहीत आहे, मला वाटतं पहिल्या दिवसापासूनच माहीत आहे. माझ्यामागे तिने ते खुशाल टाकावं. फक्त प्रत्येक वस्तू एकदा हातात घ्यावी, तिचं ते मिनिट तिला द्यावं, आणि मग टाकावी. वाईट वाटून घेऊ नये.

कलम ८. आता वही. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

माझी आई एक जाडजूड वही ठेवायची. कपड्यावरचा शाईचा डाग कसा काढायचा, नळवाला कुठे राहतो, आम्हा दोघी बहिणींना ताप कधी आला, कोण कोणाशी का बोलत नाही, सगळं एकाखाली एक. लग्नापासून शेवटच्या आजारापर्यंत एकच वही. आई गेली तेव्हा ती मलाही हवी होती आणि धाकटीलाही. धाकटी म्हणजे माझी एकुलती एक बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, दवाखान्यात केसपेपर काढण्यात जिचं आयुष्य गेलं. मी म्हटलं, भांडण नको, मी रीतसर वाटणी करते.

जाड वही ही एकसंध नसते. थोडे थोडे कागद एकत्र दुमडून घडी करतात आणि अशा घड्या एकमेकींना शिवतात. आईच्या वहीत बारा घड्या होत्या. पहिल्या सहा एकीला आणि नंतरच्या सहा दुसरीला दिल्या असत्या तर एकीला तरुण आई मिळाली असती आणि दुसरीला म्हातारी. ते मला बरं वाटेना. म्हणून मी शिवण उसवली आणि एकाआड एक वाटे केले. पहिली, तिसरी, पाचवी अशा माझ्या, दुसरी, चौथी, सहावी अशा तिच्या. दोन्ही वाट्यांना सारखंच निळं कापड लावलं, कडा कापून सरळ केल्या. इतकं नेटकं काम मी गिऱ्हाइकाचंही केलेलं नाही.

धाकटीने तिची वही माझ्यासमोर उघडली. पहिलं पान अर्ध्या वाक्याने सुरू होत होतं. तिने घडी संपेपर्यंत वाचलं, पान उलटलं, आणि पुढचं वाक्य भलत्याच वर्षातलं निघालं. "ताई," ती म्हणाली, "तू आईला मधूनच कापलंस." मला राग आला. रात्री जागून केलेल्या कामाला हे बक्षीस? मी बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. ती वही पिशवीत घालून निघाली. मी दारात जाऊन उभी राहिले, ती शेवटची पायरी उतरेपर्यंत बघत होते, पण आवाज दिला नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचं मला तिसऱ्याकडून कळलं, आणि तेव्हाही मी गेले नाही. त्याची मला आज लाज वाटते.

दुसऱ्या रविवारी ही अर्धी वही सूनबाईंच्या हातात आली. ती मिनिटभर म्हणून बसली आणि अर्धा तास वाचत राहिली. मग तिने विचारलं, "आई, पुढे काय?" मी म्हटलं, पुढचं तुझ्या मावशीकडे. तिने वही कोणत्याच खोक्यात टाकली नाही, टेबलावर ठेवून दिली. ज्या पानावर ती थांबली होती ते मला पाठ आहे. तिथे आईने लिहिलं आहे: 'थोरली लवकर चिडते. ती चिडली की धाकटी काही न बोलता निघून जाते, आणि धाकटी गेली की थोरली'. इथे घडी संपते. पुढे आईने मला काय नावं ठेवली असतील, या विचाराने मी एकोणीस वर्षं ते पान टाळत आले.

तरी आता व्यवस्था करते. वहीचा माझा अर्धा वाटा माझ्या मृत्यूनंतर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावा.

कलम ९. कलम ८ मधली शेवटची ओळ रद्द. वकीलबाईंना खाडाखोड चालत नाही, म्हणून खोडलेली नाही. रद्द का, ते लिहिते.

कलम ८ लिहून झालं ते मी सूनबाईंना वाचायला दिलं. तिने वाचलं, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे पुढचं वाचायला मावशींनी तुम्ही मरायची वाट बघायची?" आणि ती भांडी गुंडाळायला आत निघून गेली.

दोन दिवसांनी मी धाकटीला फोन केला. तिने 'हॅलो' म्हटल्यावर मी सांगितलं, मी मृत्युपत्र करते आहे आणि मला एक साक्षीदार कमी पडतो. एकोणीस वर्षांनी बोलायला मला हेच सापडलं. मग तिने विचारलं, "किती वाजता येऊ?"

काल दुपारी ती आली. बावीस पायऱ्या चढून दम लागला होता, केस सगळे पांढरे झाले आहेत, पिशवीत निळी वही होती. सूनबाई होतीच, वकीलबाईही आल्या होत्या. त्यांनी कलम ८ वाचलं आणि घड्याळवाल्यांचीच गोष्ट मला पुन्हा सांगितली: हिला एक तर वही देता येईल, नाही तर हिची सही घेता येईल. तीन आठवड्यांपूर्वी मी ज्या नियमाला हसले, तोच मी साफ विसरले होते. धाकटी म्हणाली, "सही करते. वही आजच दे."

मग तिने तिची वही उघडली. तिला पान शोधावं लागलं नाही. त्या घडीचं पहिलं पान हाताळून हाताळून मऊ पडलं होतं. तिने वाचून दाखवलं: 'दारात जाऊन उभी राहते. हाक मात्र मारत नाही. थोरलीने हाक मारली तर धाकटी वळेल, मला माहीत आहे.'

म्हणजे एकोणीस वर्षं हे तिच्याकडे होतं. ती वाट बघत होती, आणि मला ते कळायची सोय मीच कापून टाकली होती. मी रडले. सूनबाई, वकीलबाई सगळ्यांसमोर रडले. धाकटीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "फोनवर साक्षीदार हवा म्हणालीस, पण मी ते हाक म्हणूनच धरलं."

दुपारभर आम्ही टेबलाशी बसलो. दोन्ही पुठ्ठे काढले, शिवण उसवली, बारा घड्या एकावर एक लावल्या. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. तिने ओवला, मी शिवलं. पूर्वी माझ्या वाट्याच्या कडा मी जरा जास्त कापल्या होत्या, त्यामुळे आता बाजूने बघितलं तर एक घडी आत आणि एक बाहेर दिसते. धंद्यातल्या कोणालाही हे काम दाखवायची सोय नाही. कडा सरळ करायच्या तर पुन्हा कापायला हवं, आणि ते मी करणार नाही. वही आज सकाळपर्यंत शिकंज्यात होती. धाकटी इथेच राहिली.

वही मी तिला आज हातोहात दिली आहे. ती आता माझ्या मालमत्तेत नाही, सबब तिच्याबद्दल या मृत्युपत्रात काही म्हणणं नाही. नव्या खोलीत धाकटी ती घेऊन महिन्यातून दोन रविवार यायची आहे आणि मला वाचून दाखवायची आहे. हे कायद्यात बसत नाही, पण तिने कबूल केलं आहे.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईंनी करावी. तिच्याइतकं नीट आवरणारं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही. मुलाने मध्ये मध्ये करू नये, पिशव्या उचलाव्यात.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि तो मला पटला. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करते.

ठिकाण: वरच्या मजल्याच्या तीन खोल्या, पैकी दोन रिकाम्या
दिनांक: ९ मार्च, रविवार, सकाळी साडेअकरा (भिंतीवरच्या घड्याळात अकरा तेवीस)

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा घड्याळवाला. बाईंनी माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली. मला यातून काही मिळत नाही.

साक्षीदार दुसरी: (सही) धाकटी बहीण. ताईने माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली. मला यातून काही मिळत नाही. तिने हाक मारली म्हणून आले.