साफ फोटो

अकोला, ४ ऑगस्ट १९४१

प्रिय सुभद्रा,

आधी एक काम कर. शेषरावांना खाटेवर निजव. शेतात डवरणीला, डवरा ओढायला जाऊ देऊ नकोस, पाण्याची बादलीसुद्धा उचलू देऊ नकोस. मग पुढचं वाच. अंजनगावच्या मोटारवाल्याला हात जोडून हे पत्र दिलं आहे.

नाल ठोकताना बैलाची लाथ छातीत बसली म्हणून आठ दिवसांपूर्वी तुम्ही त्यांना आमच्या दवाखान्यात आणलंत. छातीचा एक्स-रे फोटो मीच काढला. बरगड्या धड, कुठं काही नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, हाड मोडलेलं नाही. आणि मी शहाणा! या मशीनचा मला केवढा तोरा, तुला ठाऊकच आहे. ती काळी प्लेट तुझ्या सासऱ्यांच्या हाती देऊन म्हणालो, घ्या नत्थुजी, पोरगा ठणठणीत आहे. त्यांनी ती पारावर उन्हात धरून गावभर दाखवली, असं तू लिहिलंस. आता तुझ्या सासूबाई रोज म्हणतात, 'फोटो साफ हाय, मंग हा काहून लोळून राहिला?' आणि तूही वैतागून मला विचारलंस, दादा, हे सोंग तर नाही ना?

नाही गं बाई. सोंग नाही.

मालधक्क्यावरचा शालिकराम हमाल काल गेला. कापसाची गाठ छातीवर आदळली होती. त्याचाही फोटो मीच काढला, असाच साफ. सहाव्या दिवशी कामावर गेला, दोन पोती उचलली अन् जागच्या जागी कोसळला. उघडून पाहिलं तर हृदयाचं मांस ठेचून काळंनिळं झालेलं. डॉक्टरसाहेबांनी त्याचा फोटो पुन्हा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, गोवर्धन, फोटोत हाडं दिसतात, हृदयाची सावली दिसते, आतला मुका मार दिसत नाही. पडून राहणं, एवढाच इलाज. उद्या सकाळच्या मोटारीनं ते माझ्याबरोबर येत आहेत.

एवढं तर मोटारवाल्याच्या तोंडीही सांगता आलं असतं. पण पुढचं त्याच्या तोंडी कसं सांगू? फोटो काढताना तू बाहेर होतीस. शेषराव हळूच म्हणाले होते, 'भाऊ, धडधड मधातच थांबते. मले भेव वाटते. सुभद्रेले नोको सांगू, पण डॉक्टरले सांग.' मी हसलो. एवढा गडी अन् घाबरतो, म्हणालो. डॉक्टरांना सांगितलंच नाही. फोटो साफ निघाला, तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, उगाच सांगितलं नाही.

तुझाच अपराधी,
गोवर्धनदादा