सातच्या बातम्यांचं चाक

२ फेब्रुवारी, सोमवार

गेटवरचा रखवालदार म्हणाला, "एसी दुरुस्तीचे ना? मागच्या जिन्याने जा." मी म्हटलं, विद्यार्थी आहे, इंटर्नशिपला आलोय. तो हसला. ओळखपत्र दाखवल्यावर हसायचा थांबला — नाही, खरं लिहायचं तर तेव्हा जास्त हसला. ओळखपत्रावर 'विद्यार्थी' आणि त्याखाली माझा पांढऱ्या मिशांचा फोटो.

वय अठ्ठेचाळीस. सव्वीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त केली, तीही कोणाकडे न शिकता, पहिलं मशीन घरात उघडून, भाग चादरीवर ओळीने मांडून. दहावीनंतरचं सगळं बाहेरून. आता पत्रकारितेचा संध्याकाळचा डिप्लोमा, दोन वर्षं. शेवटी हे सहा आठवडे वृत्तवाहिनीत काढायचे आणि संपादकाकडून फॉर्मवर एकच शब्द लिहून आणायचा : 'पात्र'. 'अपात्र' आला की दोन वर्षं पाण्यात.

संपादक माझ्याहून दहा वर्षांनी लहान. खेळायचे बूट घालून फिरतो. फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकत म्हणाला, "काका, दमणार तर नाही ना?"

काका! बघू.

३ फेब्रुवारी, मंगळवार

न्यूजरूममध्ये चौदा पडदे. तीन बंद. कोणालाच माहीत नव्हतं की तीन बंद आहेत. दुपारी एक मी चालू केला — वायर नुसती सैल होती.

बातम्यांचं ते चकचकीत टेबल मागून बघितलं. कच्चं प्लायवूड! खिळ्यांची टोकं बाहेर, कडेला चहाचे गोल डाग. आणि सात वाजताच्या बातम्या वाचणाऱ्या बाई — बावीस वर्षं आम्ही घरात ज्यांना बघतो त्या — वर रेशमी जाकीट आणि खाली रबरी चपला. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "मग काय, पाय दिसतात का टीव्हीत?" हिला कशाचंच नवल नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

मला चाकावर बसवलं.

हे नीट लिहून ठेवतो. कॅमेऱ्यासमोर तिरकी काच असते. बातमीची अक्षरं तिच्यावर उमटतात, काळ्यावर पांढरी. बाई काचेकडे बघून वाचतात, आपल्याला वाटतं आपल्याकडे बघतायत. ती अक्षरं वर सरकवायला तळहाताएवढं चाक असतं. स्टुडिओच्या कोपऱ्यात बसून ते फिरवायचं. कानाला हेडफोन. त्यातून नुसतं ऐकू येतं, आपल्याला बोलायची सोय नाही. शिंकायचीही नाही.

या कामाला कोणी टिकत नाही म्हणे. वर्षात तिघांना सातच्या बाईंनी घालवलं. डेस्कवर बातम्या टाइप करणारी मुलगी आहे — तिला सगळे 'वादळ' म्हणतात, बोटं तशीच चालतात — ती म्हणाली, "काका, बाई ओरडल्या तर रडू नका हं. मागचा रडला होता."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बाई मला म्हणाल्या, "तुम्ही मला ढकलताय."

दुसरं वाक्य : "अक्षर एक नंबर मोठं करा."

तिसरं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सगळा रविवार विचार केला. चूक सापडली. मी चाक फिरवत होतो आणि त्या मागून येत होत्या. हे उलटं. पायमशीनवर नवीन शिकणारी बाई पायाने मशीन पळवते आणि कापड ओढलं जातं, टाके सुटतात. जुनी जाणती हाताला येणारं कापड ऐकते आणि पाय त्याप्रमाणे टाकते. वाचणारीचा श्वास हे कापड. चाक म्हणजे पाय.

आज चाकाकडे बघितलंच नाही. त्यांच्या खांद्याकडे बघितलं. श्वास घेण्याआधी डावा खांदा किंचित उचलतो. दर वेळी. बावीस वर्षं बघतोय आणि आज दिसलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बातम्या संपल्या. बाईंनी कानातला इअरफोन काढला आणि मोठ्याने विचारलं, "आज चाकावर कोणी होतं का?"

वादळ दारातून माझ्याकडे बघत होती — आता काका रडणार.

"मी होतो," म्हटलं.

"मला कळलंच नाही," बाई म्हणाल्या. "असंच पाहिजे."

सव्वीस वर्षांत इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं. गिऱ्हाईक फार तर म्हणायचं, चालतंय. घरी येऊन दोनदा सांगितलं. थोरली म्हणाली, "बाबा, तू तिसऱ्यांदा सांगणार असशील तर मी रेकॉर्ड करून ठेवते."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाई मला 'मशीनवाले' म्हणू लागल्या. 'काका'पेक्षा बरं. निदान त्यात काम आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज घाण केली.

पाणीपुरवठ्याची बातमी होती. मजकुरात 'शनिवारी पाणी बंद'. मी नोटीस सकाळी स्वतः वाचलेली, फळ्यावर लागली होती : रविवारी. वादळ घाईत चुकली. पाच मिनिटं होती, मी चाकाशेजारच्या कीबोर्डवरून काचेवरचा मजकूर बदलला. कोणाला विचारलं नाही. बरोबर ते बरोबर, त्यात विचारायचं काय?

बाईंनी वाचलं, रविवारी. आणि त्यांच्या मागच्या पडद्यावर हातभर अक्षरांत, शनिवारी.

फोन वाजायला लागले. संपादकाने मला आणि बाईंना दोघांना केबिनमध्ये घेतलं. मी नोटीस पुढे केली. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

"काका, तुम्ही बरोबर होतात, मान्य. पण इथे एकटं बरोबर असून चालत नाही. पडद्यावर एक, तोंडात एक — लोक कोणावर हसतात? बाईंवर. पुन्हा चाकावरून गडबड झाली तर फॉर्मवर 'अपात्र' लिहीन, वाईट वाटलं तरी लिहीन."

मग बाईंकडे वळून, "आणि तुमच्या हातात कागद असतो ना? तो कशासाठी देतो आपण? एक नजर टाकली असती तर कळलं असतं."

सगळा दोष माझा आणि बाईंनी निम्मा खाली मान घालून घेतला. हे मला जास्त लागलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

माफी मागायला गेलो. मेकअपच्या खोलीत आरशापुढे बसल्या होत्या, डोळे मिटून.

"मशीनवाले, तुमची अक्षरं माझ्या तोंडातून बाहेर पडतात. न विचारता तोंडात काही घालू नका."

"नाही घालणार."

"शंका आली तर एकच करा. थांबा. चाक थांबलं की मी थांबते. पुढचं मी बघते."

"आणि शंका चुकीची निघाली तर?"

डोळे न उघडता म्हणाल्या, "मग दोघं मिळून कुठेतरी शिलाई मशीनचं दुकान टाकू."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंची तयारी बघून मी थक्क होतो. आज त्यांच्या हातातले कागद उलटे होते — मथळा खाली, पानाचा आकडा डोक्यावर — आणि तरी प्रत्येक बातमीला अचूक पान उलटत होत्या. कागदाची गरजच नाही! याला म्हणतात बावीस वर्षं.

५ मार्च, गुरुवार

बंद पडद्यांपैकी दुसराही चालू केला. तिसरा खरंच मेलाय. वादळ म्हणाली, "काका, तुम्ही गेल्यावर आमचं कसं होणार?" थट्टेत म्हणाली. पण म्हणाली.

१० मार्च, मंगळवार

क्रमाने लिहितो.

दुपारी बस उलटली. संध्याकाळपर्यंत नावं कळली नव्हती. सहा बावन्नला हॉस्पिटलमधून आमच्या बातमीदाराचा फोन आला, वादळच्या टेबलावर, स्पीकरवर. मी स्टुडिओत जाता जाता तिथे थांबलो. सवयीने खिशातली वही काढली. तो नावं सांगत होता, ती टाइप करत होती. चार नावं झाल्यावर तो म्हणाला, "हे गेलेले. आता जखमी घे." नेमका तेव्हा तिचा दुसरा फोन वाजला. ती तिकडे "हो, हो, दोन मिनिटं" म्हणाली. इकडे त्याने पुढचं नाव सांगितलं : एका शाळेतल्या बाई, वय एकतीस. मग लाइन तुटली. सहा पंचावन्नला मी चाकावर बसलो.

सात अकराला मजकूर काचेवर आला. 'बस अपघातातील मृतांची नावं हाती आली आहेत.' खाली नावं. चाक फिरवायला सुरुवात केली आणि माझ्यापुढच्या छोट्या पडद्यावर पुढे येणाऱ्या ओळी दिसल्या. पाच.

वही मांडीवर उघडली. चार नावं. खाली रेघ — मी रेघ मारलेली, 'जखमी' म्हणाल्यावर. रेघेखाली त्या शाळेतल्या बाई.

बाई पहिलं नाव वाचत होत्या. चार नावं म्हणजे अकरा-बारा सेकंद. कोणाला सांगणार? बोलता येत नाही. स्टुडिओत खुणा करणारा माणूस दिव्यांच्या पलीकडे, पाठमोरा. ती ओळ पुसता आली असती, एक बटण. पण शब्द दिला होता. आणि सहा आठवडे संपायला चार दिवस, फॉर्म ड्रॉवरमध्ये. आणि वादळनं नंतर पुन्हा फोन लावून खात्री केली असेल तर? जखमी होत्या त्या तेवढ्यात गेल्या असतील तर? हे सगळं त्या अकरा सेकंदांत मनात आलं. तिसरं नाव. मग वाटलं, त्यांच्या घरी टीव्ही चालू असेल.

चौथं नाव वाचून झालं. डावा खांदा उचलला.

मी चाक थांबवलं.

पाचवी ओळ काचेच्या खालच्या कडेला अर्धी, नुसते अक्षरांचे शेंडे. बाई थांबल्या. हेडफोनमध्ये संपादक ओरडला — "चाक का थांबलं? काका! बाई, कागद वाचा. हातातला कागद. पाचवं नाव कागदावर आहे, वाचा!" तेच त्यांच्याही कानात जात होतं.

बाईंनी कागदाकडे पाहिलं नाही. काचेतून सरळ माझ्या दिशेला बघितलं. चार सेकंद. सगळ्या घरांत शांतता.

मग म्हणाल्या, "बाकीच्या नावांची खात्री करून घेत आहोत. ती झाल्यावरच आपल्यापर्यंत आणू." आणि पुढच्या बातमीसाठी पान उलटलं. मी चाक सोडलं.

सात एकोणिसला हेडफोनमध्ये संपादकाचा आवाज आला. हळू. "पाचव्या जिवंत आहेत. पाय मोडलाय. चहा मागतायत."

चाक फिरवत राहिलो. दिसत नव्हतं नीट, पण खांदा दिसत होता.

११ मार्च, बुधवार

वादळ सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, मी ते ऐकलंच नाही. 'जखमी' म्हणालेलं मी ऐकलंच नाही." रडली. मी म्हटलं, दोन फोन आणि एक डोकं, कोणाचंही झालं असतं. चहा आणून दिला. यापुढे नावं सांगणाऱ्याला परत वाचून दाखवायची, असं मी सुचवलं आणि संपादकाने ते फळ्यावर लिहिलंय. फळ्यावर माझी पद्धत! नाव नाही खाली, पण माझी.

संपादकाने वही मागितली. ती रेघ बराच वेळ बघत होता. "तुम्ही हे कायम करता?"

"मशीन उघडलं की भाग क्रमाने मांडतो. नाहीतर बसवताना एक उरतो."

दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. त्या शाळेतल्या बाईंचे वडील. काल सातला टीव्हीसमोर बसले होते, एवढंच म्हणाले.

१३ मार्च, शुक्रवार

पात्र!

निळ्या शाईत, सहीसकट, शिक्का सरळ मारलेला. आणि सोमवारपासून डेस्कवर खुर्ची. नोकरी! बातम्या तपासायच्या, काचेवर जाण्याआधी. रखवालदाराने आज खरा नमस्कार केला. हिने फॉर्म दोनदा वाचला, मग देवाच्या फोटोमागे नाही, माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवला. थोरलीनं माझं ओळखपत्र गळ्यात घालून बातम्या वाचून दाखवल्या. चपला घालून.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र फॉर्मची नाही. संपादक कानात ओरडत असताना बाईंनी कागद सोडला आणि माझ्यावर विश्वास ठेवला. हे उद्या त्यांना नीट सांगायचंय. वाक्य तयार आहे.

१४ मार्च, शनिवार

वाक्य सांगितलं. बाईंनी उठून दार लावून घेतलं.

"विश्वास म्हणू नका, मशीनवाले. मला कागद वाचताच येत नाही. दीड वर्ष झालं. जवळचं सगळं पुसट, चष्म्यानेही नाही. उपचार चालू आहेत. काचेवरची मोठी अक्षरं, तेवढीच दिसतात. तुम्ही थांबलात तेव्हा माझ्यापुढे दुसरं काहीच नव्हतं. हे कोणाला माहीत नाही."

घरी येऊन २७ फेब्रुवारीचं पान काढलं. कागद उलटे. तारखेसह लिहिलंय, मीच.

संपादकाला फोन केला : डेस्क नको, तूर्त चाकावरच ठेवा. त्याने कारण विचारलं. सांगितलं नाही.

सोमवारी अर्धा तास आधी जायचं. अक्षर आणखी एक नंबर मोठं करून ठेवायचं.