साडेतीनची लाँच

मुंबई,
ता. ११ मार्च १९६७

ती. थोरल्या बहिणीस, ठमीबाय हिला नामाचा नमस्कार.

तू मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. भाऊजींचा खोकला कसा आहे? सुकट धाडू नकोस, खोलीतले लोक नाकं मुरडतात. नाही, धाडच.

तू विचारलंस, "बाबा शेवटपावत म्हनत व्हता, नामा यंत्र बदलतोय, झाला का येल. असा कसला काम व्हता रं?" सांगतो. दिवाळीत बाबांना सांगितलं होतं, त्यांना चटकन कळलं.

आमचं गणकयंत्र खोलीभर मोठं. पण आपलं आपण त्याला काही कळत नाही. कुठलं काम आधी, कुठलं मागून, त्याच्या सूचना एका टेपवर असतात. साहेब त्याला सिस्टिम म्हणतात. ती जुनी झाली की बदलायच्या दोन रीती. एक, जुनीच ठेवून चुकतं तिथे दुरुस्तीची कार्डं घालायची. दुसरी, जुनी काढून कोरी नवी चढवायची आणि एकेक काम पुन्हा तपासायचं. बाबा हसले. "म्हंजी आपला मिठागराचा वाफाच रं! फुटला तिथं चिखलाचा ठिगळ लाव, न्हाय तं आख्खा खणून नव्यानं तुडव." साहेबांनाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं गं.

बाय, आता पुढचं वाचताना मास्तर अडखळले, तर त्यांना थांबू देऊ नकोस.

आपल्या चुलतभावाची, कोंडाजीची तार त्या बुधवारी सकाळी दहालाच मिळाली होती. 'बाबांचं जास्त आहे, लगेच निघ.' वाचली आणि खिशात घातली.

तू गावाला सांगतेस, नामाचं काम अडलं होतं. माझ्या जागी कोंडाजीने अग्नी दिला, तेव्हाही तू माझीच बाजू घेतलीस. नको घेऊस. कुठली रीत धरायची ते साहेबांनी माझ्यावर सोडलं होतं. ठिगळं लावली असती तर दोनपर्यंत मोकळा झालो असतो. साडेतीनची आपल्या मोरा बंदराची लाँच मिळाली असती, दिवेलागणीला बाबांच्या उशाशी असतो. मी नवी चढवायला घेतली. दोन दिवसांचं काम. आमच्याकडे ते कुणी केलं नव्हतं, मला करून दाखवायचं होतं. म्हटलं, दोन दिवसांत बाबा कुठे जातायत!

त्या शुक्रवारी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तू मला जेवायला वाढलंस, आणि मी जेवलो.

काल सकाळी नवी सिस्टिम जुनी कामं घेईना. साहेब म्हणाले, "नामदेव, जुनीच लावा, कार्डं घालून." कपाटातली टेप काढून बसलो. काम संपलं तेव्हा घड्याळात दोनला दहा कमी होते.

तसाच उठून भाऊच्या धक्क्यावर गेलो. साडेतीनची लाँच माझ्यासमोर सुटली. चढून कुणाकडे येणार होतो, बाय?

तू बोलावलंस तरच येणारा,
नामा