सपाट रेघ

५ मार्च
आलो एकदाचा! गॅस केंद्रावर स्वतंत्र खोली, खिडकीशी टेबल, आणि यंत्र तर असं की बघतच राहावं. पाइपातला नैसर्गिक वायू एका नळकांड्यात घ्यायचा आणि त्यातून लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा. मिथेन त्यातला ठराविक प्रकाश गिळतो. किती गिळला त्यावरून वायूत मिथेन किती, ते पडद्यावर उमटतं. आधी नळकांडं नायट्रोजननं धुवायचं. नायट्रोजन या प्रकाशाला दिसतच नाही, म्हणून रेघ सपाट येते. तेच आपलं शून्य.
इथले मिस्तरी म्हणतात, दुधात पाणी किती ते सांगणारं मापच की हे, साहेब! आणि स्वतःच खो खो हसतात. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, पहिल्याच दिवशी माझ्यासाठी डबा पाठवला. माणसं लाख मोलाची आहेत.

११ मार्च
जमिनीखालच्या चेंबरमध्ये झडप दुरुस्त करायची असली की मिस्तरी आधी मला विचारतात. मी तिथली हवा नळीनं ओढून यंत्रात बघतो. मिथेन शून्य असेल तरच ते उतरतात. ऑक्सिजन मोजायचा मीटर बिघडलाय, तो येईपर्यंत थांबू का, असं त्यांनी विचारलं. माझं यंत्र असताना त्या मीटरची काय मातब्बरी, म्हणालो. ते हसले.

१४ मार्च
मिथेन हाकलायला सकाळी चेंबरमध्ये नायट्रोजन सोडला होता. मी आकडा वाचला आणि ओरडून सांगितलं, शून्य, उतरा. ते उतरले आणि शिडीच्या पायथ्याशी बसले, डुलकी लागल्यासारखे. उठलेच नाहीत. आत नुसता नायट्रोजन होता, श्वासाला हवाच नव्हती. शून्य होतं ते फक्त मिथेनचं. हे मला ठाऊक होतं! एकट्या मलाच ठाऊक होतं.

१६ मार्च
चौकशी अधिकाऱ्यांना सांगितलं, मिस्तरी मला न विचारता उतरले. किती सहज बोललो मी! वहिनी दाराशीच होत्या. म्हणाल्या, ते असं कधी करायचे नाहीत हो. आता जो तो म्हणतो, स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला. मला माझी किळस येते.

१९ मार्च
नळकांड्यात शुद्ध नायट्रोजन. रेघ सपाट हवी. दोन उंचवटे आले: पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, माणसाच्या उच्छ्वासात असतात तेच. ओसरले. पुन्हा आले. जोड आवळले, सिलिंडर बदललं. तेच. चढतात, उतरतात, चढतात. आत कुणीतरी श्वास घेतंय.

२१ मार्च
उंचवटा चढला की माझी छाती रिकामी होते. तो श्वास माझा आहे. माझ्यातून जातोय.

२३ मार्च
अधिकाऱ्यांकडे गेलो. खरं सांगायला तोंड उघडलं— हवाच नाही. भिंतीला धरून उभा राहिलो. त्यांनी विचारलं, न विचारताच उतरले ना? हो म्हणालो— छाती गच्च भरली. खोट्याला श्वास पुरतो. खऱ्याला—

२४ मार्च
वहिनी बाहेर बाकावर बसल्यात. त्यांना एकच ऐकायचंय. तोंडानं जमत नाही. हे पान फाडून देतो. लिहितानाही आवळतंय— गप्प बसलो तर जगेन. नाही. लिहायचंच.
वहिनी, त्यांची चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं. उतरा म्हणून सांगणारा—